बाळंतपणानंतरचे ४२ दिवस : ब्युरोची बाई, फोनवरची मदत की आशाताई?

आमच्या घरी दोन बाळंतपणं झाली. थोरलीच्या वेळी ब्युरोची, म्हणजे बाळंतिणीकडे पगारावर बाया पाठवणाऱ्या एजन्सीची बाई ठेवली. धाकट्याच्या वेळी ठेवली नाही, वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीची, म्हणजे आशाताईची मदत घेतली. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी आता आठवा लागलाय आणि तो रोज डबा खाताना विचारतो, "मग आम्ही काय करू?" त्याला रोज थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. दोन पोरांचा बाप आहे, एवढाच अधिकार.

प्रसूती कुठे करायची हा विषय यात घेत नाही, तो बहुतेकांचा आधीच ठरलेला असतो. आमच्या नागपुरात गांधीबागेतलं डागा, मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं मोफत आहे. गर्दीची तयारी ठेवून जायचं. आमची दोन्ही खासगीत झाली. पण दवाखाना कुठलाही असो, डिस्चार्जची फाइल हातात देऊन "सहा आठवड्यांनी दाखवायला या" म्हणतात, तिथून पुढे घरात कोण? माझा प्रश्न तेवढाच आहे.

ब्युरोचं आधी चांगलं सांगतो. बाई रात्री जागते. ही एक गोष्ट इतकी मोठी आहे की बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. मालिश, शेक, धुरी, लंगोट, बाळंतिणीचं जेवण, सगळं तिच्या हातातलं. सिझेरियन झालेली बाई स्वतःहून कूस बदलू शकत नसते, तेव्हा पलंगाशी माणूस लागतोच. आम्ही बारा तासांचे महिन्याला अठरा हजार दिले, २०१९ च्या डिसेंबरात. आता भाव वाढलेच असतील.

काही गमतीही झाल्या. माझ्या मामानं काटोलहून संत्र्यांची पेटी पाठवली होती आणि बाळंतिणीला त्यातली एक फोडसुद्धा मिळाली नाही. "आंबट हाय, बाळाले सर्दी होते." ती पेटी मी गॅलरीत उभा राहून, हळूच, एकट्यानं संपवली. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही.

मला खरा त्रास झाला तो एका वाक्याचा.

चाळीस दिवसांत तीन बाया बदलल्या. पहिलीच्या गावात लग्न निघालं, दुसरी न सांगता गेली, तिसरी शेवटपर्यंत टिकली. तिघींनीही घरात पाय ठेवल्यावर पहिल्या तासाभरात एकच गोष्ट सांगितली, "दूध पुरत नाई वाटते हिचं." पोर रडलं की दूध पुरत नाही. झोपलं की अशक्तपणा आलाय, म्हणजे दूध पुरत नाही. दर अर्ध्या तासानं प्यायला मागितलं, तरी तेच. सासूबाईंनी ते ऐकलं, मग शेजारच्या काकूंनी, मग फोनवर माझ्या आईनं. बाराव्या दिवशी मी स्वतः मेडिकल स्टोअरमधून दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन आलो. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं अशा डब्यांची जाहिरात करता येत नाही. करायची गरजही नाही, ते एक वाक्य घरोघरी फुकट फिरत असतं.

डबा आला, वरचं दूध सुरू झालं. बाळ अंगावर कमी ओढायला लागलं, ओढणं कमी झालं म्हणून दूध खरंच कमी झालं, आणि तिसऱ्या बाईचं म्हणणं आपोआप खरं ठरलं. या सगळ्यात बाळाचं वजन एकदाही कोणी केलं नाही. मीही नाही.

मधे एकदा स्तनपान सल्लागाराकडेही जाऊन आलो. त्या बाई उत्तम होत्या. बाळाला कसं धरायचं, तोंड किती उघडलं की लावायचं, हे त्यांनी पंधरा मिनिटांत नीट दाखवलं. पण त्या पंधरा मिनिटांसाठी टाके असलेली बाई, बारा-तेरा दिवसांचं बाळ, बॅग आणि मी तीन मजले उतरलो, ऑटो केली, नंबर लावला आणि पावणेदोन तास बाकावर बसलो. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं होतं. गेलो नाही.

त्या वेळी बायको संध्याकाळी रोज रडायची. पहिल्या आठवड्यात रडू बहुतेक बाळंतिणींना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. हिचं ओसरलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा, एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, आणि तिथून गाडी रुळावर आली. हे इथे सांगतोय कारण या एका बाबतीत मला फोनची मदत सगळ्यांत उजवी वाटते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, चोवीस तास चालतो, फुकट आहे. आमच्या थोरलीच्या वेळी तो असता तर महिना वाचला असता असं मला वाटतं. ब्युरोच्या बाईला यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आशाताईलाही फार नाही.

फोनच्या बाकी मदतीबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारची किलकारी सेवा आहे, मुंबईची आरमान ही संस्था आरोग्य मंत्रालयाबरोबर ती चालवते. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ रेकॉर्ड केलेले फोन. माहिती नेमकी असते, पण रेकॉर्डिंगला उलटा प्रश्न विचारता येत नाही. फेसबुकवर 'ब्रेस्टफीडिंग सपोर्ट फॉर इंडियन मदर्स' नावाचा मोठा गट आहे, ही त्यात होती. रात्री दोनला प्रश्न टाकला तरी कोणीतरी जागी असते, याचा धीर फार. अडचण एवढीच की चाळीस उत्तरं येतात आणि चाळिसांतल्या एकीनंही तुमचं बाळ पाहिलेलं नसतं.

आता धाकट्याचं.

आमची फ्लॅट स्कीम मानेवाड्याकडे आहे आणि मागच्या भिंतीला लागून वस्ती. लसीकरणाची चौकशी करायला ही सातव्या महिन्यात महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात गेली होती, तेव्हा तिथल्या सिस्टरनं नाव लिहून घेतलं आणि वस्तीतल्या आशाताईचा नंबर दिला. प्रसूती खासगीत झाली तरी चालते हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळलं. थोरलीच्या वेळीही ही सोय होतीच. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

नियम असा आहे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशा घरी सहा वेळा येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सिझेरियन असेल तर सातव्या दिवसापासून पाच वेळा. सगळ्या फेऱ्यांचे मिळून तिला २५० रुपये मिळतात. वरचा अठरा हजारांचा आकडा लिहून झाल्यावर हा लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखं होतंय.

तिसऱ्या दिवशी ती आली. पिशवीतून एक कापडी झोळी काढली, वर हुकाचा काटा अडकवला, बाळाला झोळीत ठेवलं आणि काटा डोळ्यांसमोर उचलून धरला. पोर अधांतरी लोंबकळताना पाहून सासूबाईंनी "अगं बाई" म्हणून दोन्ही हात खाली धरले. जन्माला २ किलो ९०० होता, आता २ किलो ७५०. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघा, दूध पुरत नाही."

आशाताई काट्यावरची नजर न हलवता म्हणाली, "ते आपन ठरवाचं नाई जी. काटा ठरवते."

मग तिनं सांगितलं की पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या सात-दहा टक्क्यांपर्यंत चालतं, आणि दोनेक आठवड्यांत ते भरून यायला पाहिजे. तोवर आपण लंगोट मोजायचे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले झाले तर पोटात दूध जातंय. नाही झाले तर मला फोन करा. संपलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दूध पुरण्यावर चर्चा बंद झाली आणि लंगोट मोजणं सुरू झालं. चौदाव्या दिवशी काटा ३ किलो ५० वर गेला. सासूबाईंनी तो स्वतः वाकून पाहिला.

सातव्या दिवसाची फेरी मला जास्त आठवते. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आणि आमच्याकडे कूलर बंद, कारण बाळाला वारा लागतो. बाळाला टोपडं, मोजे, वर दुपट्याचं घट्ट गाठोडं. अंग तापलेलं वाटत होतं. ताईनं थर्मामीटर लावला, ९९.८. तिनं टोपडं काढलं, दुपटं काढलं, कूलर सुरू करून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, हिला बाळाला पाजायला लावलं आणि घड्याळ समोर धरून मिनिटभर बाळाच्या पोटाची हालचाल मोजली. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जायला लागली, बाळ प्यायचं थांबलं किंवा ताप उतरला नाही, तर घरी थांबायचं नाही, १०२ ला फोन करून तडक दवाखाना. अर्ध्या तासानं ९८.४ झाला. तो उतरेपर्यंत ती हलली नाही. उन्हाळा आहे म्हणून चमच्यानं पाणी पाजू नका, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, त्यातच पाणी असतं, हेही तिनं निघताना बजावलं. गुटी बंद, बेंबीला तेल-हळद बंद. सासूबाई दोन दिवस कमी बोलत होत्या.

घरी येऊन बाळ पाहायची ही पद्धत आपल्याच विदर्भातली आहे, हे मला नंतर कळलं. नागपूरच्या मेडिकलला शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत ती राबवून पाहिली. तिथे नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशभरच्या आशांना हे काम दिलं गेलं. आमच्या ताईच्या पिशवीतली झोळी, थर्मामीटर आणि घड्याळ यांचं मूळ तिथे आहे.

आता आशाताईच्या बाजूनं जे नाही, तेही सांगायला हवं. ती अर्धा-पाऊण तास बसते आणि जाते. मालिश करत नाही, स्वयंपाक करत नाही, रात्री जागत नाही. रात्री मी जागलो, आणि दुपारी ऑफिसमध्ये पेंगलो. तिच्याकडे क्षयरोगाचं सर्वेक्षण, पोलिओ, रजिस्टरं, मोबाइलवरची नोंद असं सगळं एकाच वेळी असतं, त्यामुळे ठरलेल्या दिवशी येईलच असं नाही. संप असला तर अजिबात येणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रभर आशांचा मोठा संप झाला होता, आणि २५० रुपयांचा हिशेब पाहिल्यावर मला त्याबद्दल तक्रार करवत नाही. शिवाय शहरात आशा मुख्यतः वस्त्यांसाठी नेमलेल्या असतात. तुमची स्कीम त्यांच्या हद्दीत नसेल तर कोणी आपणहून दार वाजवणार नाही. चौकशी तुम्हालाच करावी लागेल, आणि तरी नाही मिळाली असं होऊ शकतं.

म्हणून ज्यांचं सिझेरियन आहे, घरात आई-सासू कोणी येऊ शकत नाही आणि नवऱ्याला चार दिवसांच्या वर सुट्टी नाही, त्यांना ब्युरो घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घ्या. रात्रीसाठी घ्या. पण बाळाचं पोट भरतंय की नाही हे सांगायचं काम त्या बाईकडे देऊ नका. आमच्या सहकाऱ्यालाही हेच म्हणतो, जमत असेल तर दोन्ही ठेव, पण एकच ठेवायचं असेल तर मी काय केलं ते तुला माहीत आहे.

तयारी मात्र आधी करावी लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची तपासणी असते, त्या दिवशी तिला घेऊन जा, माता-बाल कार्ड करून घ्या आणि सिस्टरला थेट विचारा, "आमच्या भागाची आशा कोण?" नंबर घेऊन प्रसूतीआधीच एक फोन करून ठेवा. बाळाइतकंच बाळंतिणीबद्दलही तिला विचारायचं असतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, थंडी वाजून ताप, घाण वासाचा स्राव, डोकं फुटेल असं दुखणं, पोटरी सुजून दुखणं, यातलं काही झालं तर ताईचीही वाट पाहायची नाही, सरळ १०८. हे तिनंच आम्हाला पहिल्या फेरीत सांगितलं आणि हिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आमच्या बेडरूमच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं सहा वजनं लिहिलेली आहेत, २.७५० पासून ३.९५० पर्यंत. चौथ्यापुढे २१ खोडून २४ केलंय. त्या वेळी ताई तीन दिवस उशिरा आली होती, आणि आल्या आल्या तिनं पाण्याच्याही आधी लंगोटांचा आकडा विचारला.