यार्देन गेवुर्त्सट्रामिनर : बरेच महिने प्यायल्यावर

आधीच सांगतो, मी वाइनचा जाणकार वगैरे नाही. इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, घर बेने इस्रायली (म्हणजे मूळचे कोकणातले मराठी यहुदी), शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) सुरुवातीला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, वाइन लागतेच, आणि गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडे बहुतेक वेळा हीच बाटली येतेय : यार्देन हा ब्रँड, गेवुर्त्सट्रामिनर ही द्राक्षाची जात. नाव घेताना बोबडी वळते ते सोडा. कोशेर (यहुदी धर्मनियमांना चालणारी) वाइन म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांना अजून खोकल्याच्या औषधासारखं लाल, गोडमिट्ट काहीतरी वाटतं. आमची आजी तर कोकणात असताना मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्या शरबतावरच किद्दुश म्हणायची, कारण कोशेर वाइन मिळणार कुठून.

ही त्यातली नाही. पांढरी आहे, ग्लास नाकाशी नेला की आधी लिची, मग गुलाब, आणि प्यायल्यावर मागून आलं चावल्यासारखा हलका झणका. किंचित गोडवा जाणवतो पण चिकट नाही, आंबटपणा शाबूत आहे. याचं कारण जागा. इस्रायल म्हणजे उकाडा, पण ही द्राक्षं गोलानच्या पठारावरची, तिथे काही मळे 1200 मीटरपर्यंत वर आहेत, काळी ज्वालामुखीची जमीन (आपल्या सह्याद्रीसारखाच बसाल्ट), हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळ्यातही रात्री गार. द्राक्षं सावकाश पिकतात, त्यामुळे वासही टिकतो आणि आंबटपणाही. वायनरी तिथल्याच कात्झरीन गावात, 1983 सालची. बाकी गोलान 1967 पासून इस्रायलच्या ताब्यात आहे आणि जगातले बहुतेक देश तो सीरियाचाच धरतात, ते ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी लक्षात घेऊनच विकत घ्यावी.

आता कोशेरचा भाग, कारण सगळे तेच विचारतात. वेलीची पहिली तीन वर्षांची फळं वापरायची नाहीत, द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ पाळणाऱ्यांचेच हात लागायचे, निवळायला जिलेटिन-बिलेटिन चालत नाही. आणि ही वाइन मेवुशाल नाही, म्हणजे तापवलेली नाही. याचा घरात काय ताप होतो ते सांगतो. आमच्या नानांना सांभाळायला केरळच्या एक ताई आहेत, एका शुक्रवारी त्यांनी मायेने सगळ्यांचे ग्लास भरले आणि आमचे कडक मामा हात आखडून बसले, यहुदी नसलेल्याने उघडी बाटली ओतली की ती त्यांना चालत नाही. ताईंना काय सांगायचं तेच कळेना, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मामा येणार असले की मेवुशाल बाटली आणतो, ती काही सेकंद ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीला तापवून लगेच गार केलेली असते, मग कोणीही ओता. पण वासाच्या बाबतीत ती हिच्या जवळपासही जात नाही, हे माझं मत.

जेवणाबरोबर म्हणाल तर नारळाच्या दुधातली हिरव्या वाटणाची मच्छी, बस्स! कोथिंबीर, मिरची, नारळ, आणि त्यावर हिचा एक घोट, दुसरं काही नको. आम्ही बोय मासा घालतो. कांदापोह्यांबरोबरही मस्त लागते, हसू नका. मटणाच्या तिखट रश्श्यासमोर मात्र पार हरवते, फक्त गोडवा तेवढा उरतो.

बर्फासारखी गार करू नका, वासच मरतो. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. उघडल्यावर दोन दिवसांत संपवा, त्यानंतर गुलाब जातो आणि नुसता कडवटपणा राहतो. आणि दुकान बघून घ्या, आमच्या कोपऱ्यावरच्या एकाने बाटल्या काचेत उन्हात मांडल्या होत्या, त्यातली आणली तर रंग पिवळाधमक आणि वास शिळ्या सफरचंदाचा. बदलून द्यायलाही तयार नव्हता.

पेसाख सणाच्या सेदेरला (रात्रीच्या विधीच्या जेवणाला) मात्र आमच्याकडे रेडच, त्यात मामांशी वाद घालण्यात अर्थ नाही.