सेकंडहँड हरणाचं डोकं: हिटरचा एक हिवाळा काढल्यानंतर

विस्कॉन्सिनमधल्या घरात भिंतीवर लावलेलं व्हाइटटेलचं (अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) शोल्डर माउंट, म्हणजे पेंढा भरल्यासारखं खांद्यापर्यंतचं डोकं, शिंगांना दहा टोकं, 150 डॉलरला सेकंडहँड घेतलेलं. दुरुस्तीचं कोटेशन आलं 120 डॉलरचं, तेही डोळ्याच्या कोपऱ्यातल्या एका चिरेसाठी. म्हणून हा रिव्ह्यू.

विकणारे शिंगांवरच बोलतात. 'रेकॉर्ड बुक'चा बक, म्हणजे विक्रमांच्या यादीत बसणारा नर, असं सांगितलं तर पाव इंच रुंदीचा स्टीलचा टेप काढा. शिंगांच्या दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाटा, दर दांडीचे चार घेर आणि आतलं अंतर, सगळं मोजायचं आणि डाव्या-उजव्यातला फरक वजा करायचा. शिंगांचे विक्रम नोंदवणाऱ्या बून अँड क्रॉकेट या अमेरिकन क्लबच्या कायमच्या यादीसाठी टिपिकल (नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांच्या) व्हाइटटेलला या इंचांच्या बेरजेत 170 लागतात. या डोक्याचे वजाबाकीआधीच 128 भरतात, म्हणजे रेकॉर्डचा विषय संपला. शिंगांच्या बुडाशी जोड किंवा पुटी (भरायची लुकणासारखी लगदी) नाही ना, एवढं अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. अशी पुटी बहुधा इपॉक्सीची असते, आणि बहुतेक इपॉक्सी त्या उजेडात वेगळी चमकते.

पण किंमत ठरते ती चेहऱ्यावर. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात जी खोलगट घळ असते, तिथे कातडं आतल्या फोमच्या साच्याला (फॉर्मला) नीट चिकटलेलं नसलं की वाळताना ओढलं जातं, सुटतं आणि फाटतं. याला ड्रमिंग म्हणतात. बोटाने हलकं दाबलं तर पोकळ लागतं. कानांच्या मुळाशी आणि नाकपुडीच्या कडेलाही असंच तपासा. नाकावर जाड चकचकीत रंग दिसला तर खाली पुटी आहे असं समजा.

पहिलं मत असं होतं की कामच हलकं आहे: कातडं आतून पुरेसं पातळ केलेलं नाही, डिंक कमी लावलाय. ते काही अंशी खरं आहेच. पण हिवाळ्यात हिटर सुरू असताना, आर्द्रता 20 टक्क्यांवर उतरली की याच चिरेत दोन व्हिजिटिंग कार्डं आरामात जातात. उन्हाळ्यात, 50 टक्क्यांच्या आसपास, एकही जात नाही. चीर हलती आहे. अशा चिरेत कडक इपॉक्सी पुटी भरली तर पुढच्या हिवाळ्यात पुटी तशीच राहते आणि शेजारचं कातडं फाटतं. 120 डॉलर त्यालाच मागितले होते! त्यापेक्षा ह्युमिडिफायर घ्यावा, डोकं हिटरच्या झोतातून आणि खिडकीच्या उन्हातून हलवावं, आर्द्रता 45 ते 55 मध्ये ठेवावी. उरलेली फट जपानी टिश्यू कागदाच्या पातळ पट्टीने झाकून वर अॅक्रिलिक रंग. नको झालं तर काढताही येतं.

टक्कल दिसलं तर भिंग घ्या. केस मुळापासून गेलेत आणि कातडं स्वच्छ आहे, तर टॅनिंगआधी (कातडं कमावण्याआधी) ते सडायला लागलं होतं. हा जुना दोष, वाढत नाही. केस कुरतडलेले, खुंट राहिलेले, खाली भुसा किंवा अळ्यांच्या कातींची टरफलं पडलेली असतील तर कसर लागली आहे. ती घरातल्या लोकरीच्या शालींवरही जाते. उपाय: पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 सेल्सियसला आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर केसांवर पाणी धरतं. एवढा मोठा डीप फ्रीझर घरी नसतो, म्हणून कसर लागलेलं डोकं फुकट मिळालं तरी नको.

जुनं डोकं असेल तर आधी हातमोजे. 1980 च्या आधीच्या कामात आर्सेनिक सापडतं. मागची पाटी उघडून लाकडाचा भुसा किंवा कागदाचा लगदा दिसला तर काम जुनं धरा आणि साधा व्हॅक्यूम लावू नका, हेपा फिल्टरवाला (बारीक धूळ अडवणारा) वापरा, केसांच्या दिशेने, कमी ओढीवर. काचेचे डोळे ओल्या कापसाच्या काडीने. फर्निचर पॉलिश कुठेही नाही.

मागे टॅक्सिडर्मिस्टचा (असं डोकं तयार करणाऱ्याचा) टॅग, वर्ष वगैरे असेल तर भाव चढवायला हरकत नाही. खरेदी-विक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात, पैसे देण्याआधी तेवढं बघा. चिरेकडे बोट दाखवून हेच डोकं 100 ला सुटायला हवं होतं.

आणि भारतात गावाकडच्या वाड्यात आजोबांच्या काळचं सांबराचं डोकं आहे, त्याचं किती येईल, असं विचारू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी ते विकता येत नाही.