पुलाच्या डेक स्लॅबसाठी कमी सिमेंटचं एम४०: पुण्यातल्या एका आरएमसी (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) मिक्सचा आढावा

एम४० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकदीचं काँक्रीट. या मिक्समध्ये घनमीटरला ३०० किलो ५३ ग्रेड ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट), ९० किलो फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख), १५२ लिटर पाणी. २० एमएम खडी ६९०, १० एमएम ४८०, धुतलेली क्रश सँड ७९० किलो, वर पीसीई ॲडमिक्श्चर, म्हणजे कमी पाण्यात काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन. याच कामाला एरवी ४२०-४३० किलो निव्वळ ओपीसी सर्रास टाकतात, म्हणून हे मिक्स बघून साइटवर धाकधूक होतेच. डेकसाठी मात्र हेच घ्यावं.

नवा स्लॅब खालच्या गर्डरला, म्हणजे पुलाच्या तुळईला, जखडलेला असतो. गर्डरचं आकुंचन बरंचसं आधीच होऊन गेलेलं, स्लॅबचं आता सुरू होणार. आकसतो तो सिमेंट-पाण्याचा लगदा, खडी नव्हे. त्यात सिमेंट जास्त असेल तर उष्णता वाढते, काँक्रीट लवकर ताठ होतं, क्रीपने (ताणाखाली काँक्रीट हळूहळू सरकण्याने) ताण सैल व्हायला वाव राहत नाही आणि आडव्या भेगा ओळीने उमटतात. आयएस ४५६ (२०००) या काँक्रीटच्या भारतीय मानकात फ्लाय ॲश आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) सोडून सिमेंटला घनमीटरमागे ४५० किलोची मर्यादा घातली आहे, तीही भेगांचं कारण देऊनच.

या प्लांटची खरी कामगिरी खडीच्या ग्रेडिंगमध्ये, म्हणजे लहानमोठ्या दाण्यांच्या मेळात, आहे. पोकळ्या कमी, म्हणून पाणी १५२ वर आलं. पाणी आधीएवढंच ठेवून नुसतं सिमेंट काढलं असतं तर स्ट्रेंग्थ गेली असती आणि भेगा तशाच राहिल्या असत्या. क्रश सँडचा चाळणी रिपोर्ट मात्र दर लॉटला मागा. आयएस ३८३ (२०१६) या खडी-वाळूच्या मानकात ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते, पण त्या काठावरची सँड आली की पाण्याची मागणी वाढते आणि मिक्स बिघडतं.

उणी बाजू ट्रॅफिकची. नगर रोडला गाडी अडकली की स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) उतरतो आणि कुणीतरी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतो. ६ घनमीटरच्या गाडीत ६० लिटर गेलं की घनमीटरला १० लिटर वाढले. पाणी-बाइंडर (सिमेंट अधिक फ्लाय ॲश) गुणोत्तर ०.३९ वरून ०.४१ च्या पुढे. स्लंप वाढवायचा तो ॲडमिक्श्चरने, प्लांटच्या माणसाकडूनच, आणि नंतर ड्रम चांगला फिरवून.

ब्लीडिंग (ओल्या काँक्रीटमधलं पाणी वर येणं) कमी असल्याने एप्रिल-मे च्या कोरड्या वाऱ्यात वरची कातडी पटकन सुकते. त्याने काँक्रीट ओलं असतानाच पडणाऱ्या प्लास्टिक भेगा सिमेंट कमी करून टळत नाहीत. ओतकाम संध्याकाळी उशिरा घ्या, फिनिशिंगच्या मागोमाग फॉग स्प्रे, मग ओलं गोणपाट १४ दिवस. फ्लाय ॲशच्या मिक्सला आयएस ४५६ प्रमाणेही किमान १० दिवस क्युरिंग लागतंच.

फ्लाय ॲशची ताकद उशिरा येते, म्हणून ७ दिवसांच्या क्यूबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) निकाल कमी दिसतील, त्यावरून सिमेंट वाढवायला सांगू नका; २८ आणि ५६ दिवसांचे बघा. तळाचं सेंटरिंग मात्र साइटवर ठेवलेल्या क्यूबच्या निकालावरच काढा. लवकर स्ट्रेसिंग करायच्या, म्हणजे पोलादी केबल ताणायच्या, प्रीस्ट्रेस गर्डरला हे मिक्स घेऊ नका, त्याचं डिझाइन वेगळं करून मागा. आणि दर गाडीबरोबर बॅच रिपोर्ट घ्या, त्यात सँडचा ओलावा किती धरलाय ते आधी वाचा. पावसाळ्यात गफलत तिथेच होते.