गाठी उचलायला बेल क्लॅम्प की लांब काटे?

धरणगावकडच्या एका मित्राने जिनिंगसाठी तीन टनाची जुनी फोर्कलिफ्ट घेतली आहे. रुईच्या गाठी उचलायला पुढे काय लावू, बेल क्लॅम्प (म्हणजे गाठ दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे हायड्रॉलिक पंजे) की काट्यांवर एक्स्टेन्शन, असं विचारत होता. माझं दोन्ही वापरून झालंय.

एक्स्टेन्शन म्हणजे काट्यांवर म्यानासारखं चढवायचं, पिन लावायची, झालं. खर्च कमी, हायड्रॉलिकचा संबंध नाही. दुपारून सरकी पेंडेची पोती पॅलेटवरून हलवायची असतील तर काढून ठेवायलाही वेळ लागत नाही. लांबी मूळ काट्याच्या दीडपटीच्या वर नको, आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून घेणं तर मुळीच नको. एकामागे एक दोन गाठी घेतल्या की भार पुढे जातो. मशीनच्या क्षमतेच्या पाटीवरचे तीन टन काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर धरलेले असतात, टोकावर नव्हे.

क्लॅम्प महाग. वर तिसरा लिव्हर आणि पाइप लागतात. त्याचं स्वतःचं वजनही चांगलंच असतं, तेवढी उचल कमी होते. विकणाऱ्याकडून नवीन क्षमतेची पाटी मागून घ्यावी. पण आपली गाठ १७० किलोची. चार घेतल्या तरी ६८० किलो, तीन टनाच्या मशीनला ते काही जड नाही. त्रास दुसराच आहे. दोनावर दोन अशा गाठी धरताना खालची जोडी जरा बारकी निघाली, की पंजे वरच्या जोडीवरच अडतात. मग खालच्या गाठी जागेवर राहतात, किंवा अर्ध्यातून सुटतात. शिवाय पाइप पाझरला आणि रुईवर तेलाचा डाग पडला, की गिरणीवाला फोनवर काय बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

एवढं असूनही मी क्लॅम्पकडे वळलो, ते ठोकळ्यांमुळे.

काटा आत जायला गाठीखाली पोकळी लागते, म्हणजे प्रत्येक थराला ठोकळे आले. मी बाभळीचे शंभर करून घेतले होते. संक्रांतीपर्यंत तीस उरले, बाकीचे गेटाबाहेरच्या शेकोटीत. तेही चाललं असतं. पण ठोकळा सरकवायला माणूस लागतो. गाठ हवेत, ड्रायव्हरला मास्टमधून, म्हणजे पुढच्या उभ्या सांगाड्यातून, धड दिसत नाही, आणि हा खाली वाकलेला. एका पहाटे आमच्या हमालाचं बोट गाठ आणि ठोकळ्याच्या मध्ये आलं. नख गेलं, बोट वाचलं. मी ठोकळे सरकवायला काठ्या दिल्या. दोन दिवस वापरल्या, तिसऱ्या दिवशी परत हातच. त्यानंतर गोदामात उभा राहिलो की मला गाठी दिसतच नव्हत्या, फक्त लोकांचे हात दिसायचे.

क्लॅम्प गाठ दोन्ही कुशींतून धरतो, खाली काही लागत नाही. काट्याच्या टोकाने मागच्या गाठीचं कापड फाटायचं, तेही थांबलं. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, आते खाले हात घालानं कामच नही." मोजमाप मी काही ठेवलेलं नाही, शंभर गाठींचा लॉट भरायला वेळ कमी लागतो असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज.

तुमच्याकडे एकच मशीन असेल आणि रोज पेंडही हलवायची असेल, तर कदाचित एक्स्टेन्शनच सोयीचं पडेल. क्लॅम्प काढून काटे बसवणं रोजचं काम नाही. गाठींसाठी मशीन वेगळं असेल, तर मी तरी दुसरा विचार करणार नाही. जुना क्लॅम्प बघताना दोन गोष्टी पाहा. एक, दाब ठरलेल्या मर्यादेत राहतो का. दोन, पंजे उघडायच्या लिव्हरला खटका आहे का, म्हणजे कोपर लागून गाठ सुटणार नाही.

माझे एक्स्टेन्शन गोदामाच्या भिंतीला टेकून उभे आहेत. मित्राला म्हटलं, हवे असतील तर घेऊन जा. अजून आलेला नाही.