इअरबड्सचा आवाज बिघडला: साफ करायचे, रबर बदलायचं, सेटिंग तपासायची की नवे घ्यायचे?

वायरलेस इअरबड्सचा आवाज बिघडण्याची कारणं मोजकी आहेत: जाळीत साचलेला मळ, कानात नीट न बसणारं रबर, फोनची किंवा लॅपटॉपची सेटिंग, ब्लूटूथला होणारा अडथळा आणि शेवटी खरोखर संपलेली बॅटरी किंवा गेलेला स्पीकर. यातल्या पहिल्या चार कारणांवरचे उपाय फुकट किंवा थोडक्या पैशांत होतात. तरीही आवाज बसला की लोक थेट नव्या जोडीच्या किमती बघायला लागतात. त्याआधी कारण पकडा. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.

आधी कारण पकडा

तपासायला असं गाणं घ्या ज्यात डग्गा, तानपुरा आणि टाळ स्पष्ट ऐकू येतात. भजन किंवा नाट्यसंगीताचं चांगलं ध्वनिमुद्रण उत्तम. डग्ग्याचा घुमारा बेस सांगतो, तानपुऱ्याची जवारी आणि टाळ वरचे स्वर सांगतात, आणि गाणाऱ्याचा आवाज मधला भाग सांगतो. गाणं डाउनलोड केलेलं असू द्या. नेट मंद असेल तर स्ट्रीमिंग ॲप आपोआप दर्जा खाली आणतं आणि दोष बड्सच्या माथी जातो. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या: 'लो'वर साधारण 24 केबीपीएस (दर सेकंदाला येणारी ध्वनीची माहिती, किलोबिटमध्ये), 'हाय'वर 160. 24 वर कुठलेही बड्स वाईटच वाजतील.

गाणं चालू ठेवून दोन्ही बड्स बोटांनी हलकेच आत दाबा. दाबताच डग्गा भरदार झाला आणि बोट काढल्यावर पुन्हा पोकळ झाला, तर स्पीकर ठणठणीत आहे. हवा बाजूने निसटतेय. हा रबराचा प्रश्न.

एकाच बाजूचा आवाज कमी असेल तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ बॅलन्सची पट्टी बरोबर मधोमध आहे ना ते बघा. ती चुकून सरकलेली असणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपदा आढळतं. मग डावा बड उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात लावा. नीट बसणार नाहीत, बोटाने धरून ठेवा. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष बडमध्ये. त्याच कानात राहिला तर कानातच मळ साचला असेल, आणि त्याचं ठिकाण कान-नाक-घसा डॉक्टरांकडे. काडी घालून कोरलं तर मळ आणखी आत जातो.

शेवटी तेच बड्स दुसऱ्या फोनला जोडा. तिथे चांगले वाजले तर दोष पहिल्या फोनच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे सारखेच वाईट वाजले तर बड्सकडे वळा.

सफाई आणि रबर: कोणतं आधी?

आवाज आधी चांगला होता आणि हळूहळू दबत गेला, किंवा एक बाजू मंदावली, तर सफाई. आवाज पहिल्या दिवसापासून पातळ होता, चालताना बड्स सैल होतात, गोंगाट आत येतो, तर रबर. दोन्ही शंका असतील तर सफाई आधी करा, कारण ती फुकट आहे आणि रबर काढल्यावरच जाळी नीट दिसते.

सफाईत सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिनेने जाळी कोरणं. जाळी काठाला गोंदाने चिकटवलेली असते आणि तिच्या मागे थोड्याच अंतरावर स्पीकरचा पातळ पडदा असतो. टोक आत गेलं की परत दुरुस्ती नाही. रबर काढा, बड उलटा धरा म्हणजे जाळी जमिनीकडे येईल, आणि लहान मुलांच्या मऊ, कोरड्या टूथब्रशने हळू घासा. उलटा धरण्याचं कारण साधं आहे: सुटलेला मळ खाली पडतो, आत जात नाही. भिंतीवर कागद चिकटवायची जी निळी-पांढरी पुट्टी मिळते तिचा छोटा गोळा जाळीवर हलका दाबून लगेच उचलला की उरलेले कणही निघतात. पुट्टी जुनी होऊन चिकट झाली असेल तर वापरू नका, तिचे धागे जाळीत अडकतात. तोंडाने फुंकर मारू नका. मळ आत ढकलला जातो, शिवाय श्वासातला ओलावा जातो. जाळीवर स्पिरिटही ओतू नका, कारण त्यात मळ विरघळून आत उतरतो आणि गोंद सुटू शकतो. स्पिरिटचा कापूस फक्त चार्जिंगच्या सोनेरी टिकल्यांवर फिरवा. एक बड चार्जच होत नसेल तर बरेचदा त्या टिकल्यांवर जमलेला घामाचा थर हेच कारण असतं.

मळ घट्ट बसला असेल तर एअरपॉड्स प्रोसाठी ॲपलने स्वतःच ओली पद्धत सांगितली आहे: मेकअप काढायचं मायसेलर वॉटर ब्रशला लावून जाळीवर साधारण 15 सेकंद गोल फिरवायचं, बड उलटा करून टिश्यूवर टिपायचा, असं एकूण तीनदा, मग डिस्टिल्ड वॉटरने ब्रश धुऊन तसंच, आणि चार्जिंगच्या डबीत ठेवण्याआधी किमान दोन तास वाळू द्यायचं. दुसऱ्या कंपनीच्या बड्सवर ही पद्धत वापरायची तर आधी त्या कंपनीची सूचना वाचा. तिथली जाळी पाणी अडवणारी असेलच असं नाही.

बडच्या बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी आणखी छिद्रं असतात. काही माइकची, काही हवा खेळती राहण्यासाठी. हवेचं छिद्र बुजलं की डग्गा बिघडतो आणि मळकट वाजतो. माइकचं बुजलं की बाहेरचा गोंगाट कापणारं नॉइज कॅन्सलेशन शिट्टी मारतं किंवा खरखरतं. ब्रश तिथेही फिरवा. बड कानात घालताना 'टिक' असा आवाज मात्र बिघाड नव्हे; दाबाने पडदा क्षणभर वाकतो, तो आवाज असतो.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत आणखी एक त्रास वाढतो: घाम आणि दमट हवेमुळे जाळीवर पाण्याचा पडदा धरतो आणि आवाज एकदम झाकल्यासारखा होतो. अशा वेळी बड्स डबीत बंद करू नका. कोरड्या कापडाने पुसून, जाळी खाली करून, पंख्याखाली काही तास ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर एका बंद डब्यात त्यांच्याबरोबर ठेवा. हेअर ड्रायर नको, उष्णतेने गोंद आणि बॅटरी दोन्ही खराब होतात. तांदळाची पिठाळ धूळ छिद्रांत जाते, तेही नको.

आता रबर. डब्यात तीन मापं येतात आणि बहुतेक लोक आधीच लावलेलं मधलं माप कधी बदलतच नाहीत. बेस हा हवेच्या दाबावर उभा असतो; बाजूला फट राहिली की खालचे स्वर तिथून निघून जातात आणि फक्त किरकिर उरते. म्हणून मोठं माप लावून बघा, आणि दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तर तसंच ठेवा. दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, बड थोडा फिरवत बसवा. मग मोठ्याने बोला: स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर बसलं.

तिन्ही मापांनी जमलं नाही तर बाजारातलं रबर घ्यायचं. इथे सिलिकॉन आणि फोम असे दोन पर्याय समोर येतात. सिलिकॉन स्वस्त, साबणाच्या पाण्याने धुता येतं, वर्षानुवर्षं टिकतं. फोम बोटांनी दाबून कानात घालायचा आणि फुगेपर्यंत पंधरा-वीस सेकंद धरून ठेवायचा. तो कानाचा आकार घेतो, बाहेरचा गोंगाट जास्त अडवतो, पण टाळ-झांजेची धार किंचित बोथट करतो, घाम शोषतो आणि काही महिन्यांत चुरगळतो. लोकलने किंवा एसटीने रोज लांबचा प्रवास असेल तर फोम घ्या. व्यायामाला वापरत असाल तर सिलिकॉन. घेताना बडच्या नळीचा आकार बघा: गोल आहे की लंबगोल, आणि साधी खाच आहे की कंपनीची खास क्लिप. शिवाय रबराची उंची जास्त झाली तर डबीचं झाकण पूर्ण लागत नाही आणि बड चार्ज होत नाहीत.

ज्यांना रबरच नसतं, जे कानाच्या तोंडाशी नुसते टेकतात, त्या बड्सचा बेस मुळातच कमी. त्यावर पैसे घालू नका.

लॅपटॉपवरच वाईट वाजतात?

मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, ही तक्रार घरून काम करणाऱ्यांची नेहमीची. बड्समध्ये काहीच बिघडलेलं नसतं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी एक वाट आहे, ती स्टिरिओ आणि भरपूर रुंद, पण एकाच दिशेची. बड्सचा माइक चालू झाला की लॅपटॉप दुसऱ्या, दोन्ही दिशांच्या वाटेवर जातो, आणि तिथे आवाज मोनो होतो, त्याचं सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर येतं. सीडीचं 44.1 असतं, यावरून फरक कळेल.

उपाय फुकट आहे: माइक म्हणून बड्स निवडू नका. मीट, झूम किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मायक्रोफोनला लॅपटॉपचा स्वतःचा माइक द्या, स्पीकरला बड्स राहू द्या. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'इनपुट'लाही तेच करा, मॅकवरही तसंच. जुन्या विंडोजमध्ये आउटपुटच्या यादीत एकाच बडची दोन नावं दिसतात. 'हँड्स-फ्री' लिहिलेलं सोडून 'स्टिरिओ' निवडा. फोनवर गेम खेळताना व्हॉइस चॅट चालू केलं की होतं तेही हेच. लॅपटॉप आणि बड्स दोन्हींत एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत, असेल तर हा अडथळा बराच कमी होतो, पण दोन्हीकडे हवं.

कोडेक आणि इक्वलायझर

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून पाठवताना आवाज दाबून लहान करायची पद्धत. त्यावर वाद खूप होतात, त्या मानाने फायदा कमी. एसबीसी हा साधा कोडेक सगळ्यांत असतो आणि नेहमीच्या वरच्या दर्जाला 328 केबीपीएसपर्यंत जातो. आयफोन फक्त एसबीसी आणि एएसी देतो, त्यामुळे आयफोनवाल्यांनी एलडॅक या वरच्या दर्जाच्या कोडेकसाठी जास्त पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून एलडॅक आहे, 330, 660 आणि 990 केबीपीएसवर, पण बड्समध्येही हवा. बदलायचं तर 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक. टाळ फसफसल्यासारखे आणि जवारी खरबरीत ऐकू येत असेल तर फरक पडेल. यूट्यूबवरची गाणी ऐकत असाल तर नाही पडणार, मूळ ध्वनीच दाबलेला असतो. गर्दीत 990 वर आवाज तुटतो. तिथे 'स्टेबल कनेक्शन' किंवा 330 ठेवा.

त्याच यादीत 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' आहे. पूर्ण आवाज करूनही बड्स मंद वाजत असतील तर ते चालू करून बघा, पण आधी फोनचा आवाज अगदी खाली आणा, नाहीतर कानात एकदम दणका बसतो. आयफोनवर 'हेडफोन सेफ्टी'त मोठा आवाज कमी करणारी मर्यादा लावलेली आहे का तेही बघा.

इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-मधले-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, वाढवण्याआधी कमी करायला शिका. बेसची पट्टी वर ढकलली की छोटा स्पीकर चिरकतो. आवाज गढूळ असेल तर 250 हर्ट्झच्या आसपास 2-3 डेसिबल खाली आणा. शब्द कळत नसतील तर 3 किलोहर्ट्झ 2 डेसिबल वर. 'स' आणि 'श' टोचत असतील तर 6 ते 8 किलोहर्ट्झ खाली. रबर बसल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

आवाज तुटत असेल तर

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, घरचं जुनं वाय-फाय आणि मायक्रोवेव्हही तिथेच. राउटरचं 5 गिगाहर्ट्झ वापरा, फोन मागच्या खिशातून पुढे घ्या, कारण शरीरातलं पाणी ही लहर शोषतं. तरीही तुटत असेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीत बड्ससमोरचं 'फरगेट' दाबा, बड्स फॅक्टरी रीसेट करा, कंपनीच्या ॲपमधून फर्मवेअर (बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. अपडेट करताना चार्ज निम्म्याहून जास्त हवा आणि डबी मध्येच बंद करायची नाही.

वॉरंटी, एक बड, की नवी जोडी

वॉरंटी शिल्लक असेल तर कोरड्या ब्रशपलीकडे काहीही करू नका. बड उघडण्याचा प्रयत्न केला की दावा गेलाच. बिल, डबीवरचा सीरियल नंबर आणि दोष ऐकू येणारा व्हिडिओ तयार ठेवा. बड्सवर आयपीएक्स4 ही पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी असेल तर शिंतोडे चालतात, बुडवणं नाही, आणि डबीला बहुधा तेही संरक्षण नसतं; पाण्याचं नुकसान कंपन्या सहसा मानत नाहीत. सेवा केंद्राने टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

वॉरंटी संपल्यावर काही कंपन्या एकटा बड विकतात. जोडी दोन वर्षांहून जुनी असेल तर आमच्या मते तो घेऊ नये. दुसऱ्या बडची बॅटरीही तेवढीच थकलेली असते आणि नवा-जुना बड एकमेकांच्या आधी-नंतर बंद पडतात. जोडी नवी असेल, बड हरवला असेल आणि एका बडची किंमत जोडीच्या निम्म्याहून कमी असेल, तरच घ्या. बड गोंदाने बंद केलेला असतो, त्यामुळे स्वस्त बड्सची बॅटरी बदलून घेणं परवडत नाही.

नवी जोडी घ्यायचीच ठरली तर एक प्रश्न आधी: बिनतारीच हवी का? रियाज, व्हिडिओ एडिटिंग किंवा एका जागी बसून ऐकायचं असेल तर तेवढ्याच पैशांत वायरचे इअरफोन जास्त चांगले वाजतात, बॅटरी मरत नाही, आणि ब्लूटूथमुळे आवाज मागे पडतो तोही त्रास नाही. फोनला 3.5 मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाइप-सी वायरचे घ्या.

बिनतारी घेतले तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तेच डग्गा-तानपुऱ्याचं गाणं, लॅपटॉपवर एक मीटिंग आणि गर्दीच्या स्टेशनवर एक फोन, हे तिन्ही करून बघा. जुनी जोडी कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. आत लिथियमची बॅटरी आहे, ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.