‘शुद्ध वंशा’चे ब्लाँड कोब्रा गप्पी : नर अस्सल, माद्यांची खात्री नाही

जिवंत मासे घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून ब्लाँड कोब्रा गप्पींचा (फिकट अंगाच्या आणि नरावर नागमोडी जाळी असणाऱ्या छोट्या शोभेच्या माशांचा) ट्रायो, म्हणजे एक नर आणि दोन माद्या, मागवला होता. वर्णनात ‘शुद्ध वंश, पैदाशीसाठी योग्य’ असा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे या संचाची पारख त्याच्या पिल्लांवरूनच व्हायला हवी. पॅकिंगबद्दल तक्रार नाही. प्रत्येक मासा स्वतंत्र दुहेरी पिशवीत होता आणि तिन्ही सुखरूप पोहोचले.

नर देखणा आहे. कल्ल्यांपासून शेपटीच्या मुळापर्यंत बारीक, नागमोडी रेषांची सलग जाळी आहे आणि तिच्याखालचे अंग फिकट पिवळसर आहे. या एकाच माशात रंगाचा वारसा दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेला असतो. कोब्राची जाळी बहुतेक वंशांत वाय गुणसूत्रावर असते, त्यामुळे ती बापाकडून थेट मुलाकडे जाते. गप्पीमध्ये काही रंगखुणा अशा रीतीने उतरतात, हे योहानेस श्मिट आणि ओय्विंद विंगे या डॅनिश संशोधकांनी १९२० ते १९२२ या काळातच दाखवून दिले होते. ब्लाँड अंगाचे जनुक मात्र वेगळ्या, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर असते आणि ते अप्रभावी असते, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून मिळाले तरच दिसते. ब्लाँड नर आणि ब्लाँड मादी यांची सगळी पिल्ले म्हणूनच ब्लाँड निघायला हवीत. त्यांच्यात राखाडी, म्हणजे गप्पीच्या नेहमीच्या रंगाचे, पिल्लू दिसले, तर त्याचा बाप दुसराच आहे असे खुशाल समजावे.

नेमके तेच झाले. एका मादीच्या पहिल्याच विणीतील पिल्ले पांढऱ्या बशीत घेऊन पाहिली, तेव्हा काही जवळजवळ पारदर्शक, तर काही गडद राखाडी होती. गप्पीची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते आणि एकदाच्या मीलनावर दर महिन्याच्या आसपास अनेकदा विते, त्यामुळे ही मादी पाठवण्यापूर्वीच साध्या राखाडी नराबरोबर राहिली होती, हे उघड आहे. राखाडी पिल्लांतील नरांना रंग चढल्यावर उरलीसुरली शंकाही मिटली, कारण त्यांच्यापैकी एकाच्याही अंगावर जाळी उमटली नाही.

दुसऱ्या मादीची पिल्ले सगळी ब्लाँड होती आणि नरांवर जाळीही आली, पण शेपट्यांचा मेळ बसला नाही : कुणाची पिवळी, कुणाची लालसर, कुणाची काळ्या ठिपक्यांची. शेपटीच्या रंगात आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्राचाही वाटा असतो आणि मादीच्या अंगावर तो रंग सहसा दिसत नाही, म्हणून ती मादी कोणत्या वंशातली आहे हे विक्रेत्याच्या नोंदवहीवरूनच कळू शकते. (मादीला नराचे संप्रेरक दिले, तर लपलेला रंग उमटतो खरा, पण तो प्रयोगशाळेतला उपाय झाला.)

विक्रेत्याला कळवले असता ‘खाद्य आणि प्रकाश यांमुळे रंग बदलतो’ असे उत्तर मिळाले. नारिंगी आणि लाल छटांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये माशाला खाद्यातूनच मिळवावी लागतात. ब्लाँड माशात मात्र काळ्या रंगद्रव्याच्या पेशी जन्मतःच अतिशय लहान असतात, आणि कोणतेही खाद्य घातले तरी ब्लाँडचा राखाडी होत नाही. नोंदी ठेवणाऱ्या माणसाने असे उत्तर दिले नसते.

केवळ शोभेसाठी मासे हवे असतील, तर हा संच घ्यायला हरकत नाही. वंश पुढे चालवायचा असेल, तर माद्या नरांपासून लहानपणीच वेगळ्या केलेल्या आहेत का आणि त्या याच नराच्या वंशातल्या आहेत का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. गर्भखूण (मादीच्या पोटामागचा गडद डाग) आणि गुदपराचा (पोटाखालच्या मागच्या पराचा) आकार पाहून पिल्लांची अशी विभागणी साधारण तीन-चार आठवड्यांतच करावी लागते, आणि ‘पैदाशीसाठी योग्य’ असे लिहिणाऱ्याने एवढे कष्ट घेणे अपेक्षित आहे. राखाडी मुली टाकून देऊ नयेत. त्यांच्यात आईकडचे एक ब्लाँड जनुक असतेच, त्यामुळे याच नराशी त्यांची जोडी लावल्यास सरासरीने निम्मी पिल्ले ब्लाँड मिळतात आणि मुलांवर जाळीही येते. नराला पाचपैकी साडेचार गुण, माद्यांना दीड.