स्क्रायिंग स्पेल: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४चे नियम) मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचे निर्णय देणारा आहे. आमचा विझर्ड (जादूगार पात्र) नवव्या लेव्हलला पोचला आणि त्याने स्क्रायिंग, म्हणजे दूरच्या माणसाला लपून बघायचा-ऐकायचा स्पेल (मंत्र) घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. या स्पेलमुळे गोष्टीतलं रहस्यच संपतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती मुळीच पटत नाही. नियम अक्षरशः पाळले तर हा स्पेल पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) घराबाहेर काढतो.

सगळी गंमत सेव्हच्या आकड्यांत आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची तो विजडम सेव्ह टाकतो, म्हणजे २० बाजूंचा फासा टाकून स्पेल चुकवायला बघतो. त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं असेल तर त्याच्या फाशाला +५, एकदा भेटला असाल तर काही नाही, चांगली ओळख असेल तर −५. शिवाय त्याचं चित्र जवळ असेल तर −२, कपडा किंवा वस्तू असेल तर −४, आणि केस किंवा नख मिळालं तर थेट −१०! आमच्या विझर्डचा डीसी (सुटायला गाठायचा आकडा) १६, शत्रू सरदाराचा सेव्ह (फाशात मिळवायची भर) +६. नुसत्या ऐकीव माहितीवर सरदार ८० टक्के वेळा सुटतो. तोच भेटलेला असेल आणि त्याचा केस हातात असेल, तर सुटायला त्याला फाशावर २०च पडावे लागतात. म्हणून आमची पार्टी सरदाराच्या न्हाव्याशी ओळख काढत शहरभर फिरली, आणि या कॅम्पेनमधलं (चालू असलेल्या लांब गोष्टीतलं) माझं सगळ्यात आवडतं सेशन तेच.

वाद झाला तो एका मुद्द्यावर: सेव्ह जमला तर सरदाराला कळतं का? स्पेलच्या मजकुरात याबद्दल काही नाही. पण जादूचा परिणाम जाणवण्यासारखा नसेल तर तो ज्याच्यावर झाला त्याला पत्ता लागेलच असं नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून माझा निर्णय, कळत नाही. मात्र सेव्ह फसला, तर सरदाराजवळ स्पेलचा अदृश्य सेन्सर (जादूचा डोळा) तयार होतो, आणि अदृश्य गोष्टी दिसणारा कोणी तिथे असेल, तर त्याला तो मुठीएवढ्या चमकत्या गोळ्यासारखा दिसतो.

तुम्ही स्वतः तिथे असल्यासारखं दिसतं आणि ऐकू येतं, हे स्पेलमधलं वाक्यही मी शब्दशः घेतो. डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता) नसेल तर अंधार, भाषा येत नसेल तर नुसते आवाज. सेन्सरमधून फायरबॉल (आगीचा गोळा फेकणारा स्पेल) टाकता येत नाही, कारण विझर्ड स्वतः आपल्याच खोलीत बसलेला असतो.

स्पेल टाकायला १० मिनिटं, बघायला जास्तीत जास्त १० मिनिटं. सरदार त्या वेळी काय करतोय ते मी आधीच फासा टाकून ठरवतो. कितीदा तरी तो झोपलेलाच निघाला. मग प्लेअर नोकरांकडून त्याच्या बैठकीच्या वेळा काढायला शिकले.

सेव्ह जमला तर त्याच माणसावर २४ तास पुन्हा प्रयत्न करता येत नाही. तो दुसऱ्या प्लेनवर (वेगळ्या जगात) असेल किंवा त्याच्यावर नॉनडिटेक्शन (अशा जादूपासून लपवणारा स्पेल) असेल तरीही काही दिसत नाही. तिन्ही वेळा मी एवढंच सांगतो, ‘काही दिसलं नाही.’ कारण नेमकं कोणतं, ही शंका प्लेअरच्या मनात राहायलाच हवी.

पुढे तेराव्या लेव्हलला विझर्डला टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दूर पोचायचा स्पेल मिळेल. जादूने एकदा पाहिलेली जागाही त्यात चालते, त्यामुळे सरदाराच्या महालात आतापासून प्रायव्हेट सँक्टम (नजर आणि टेलिपोर्ट दोन्ही अडवणारा स्पेल) लावून ठेवलंय.